मागून आलेली किंकाळी

१

वहीतून एकच पान गेलं होतं. फाडणाऱ्यानं घाई केली नव्हती. पट्टी धरून, शिवणीलगत पात्यानं कापून घेतलं होतं. शनिवारच्या फेऱ्या संपल्या की वही थेट सोमवारवर येत होती. मधला रविवार नव्हताच.

संयुक्ता रावांनी वही उजेडाकडे तिरपी केली, कापलेल्या कडेवरून नख फिरवलं आणि ती टेबलावर परत ठेवली.

"वाळवी," समोरचा रविकांत तमिळमध्ये म्हणाला. चेन्नईजवळच्या एन्नोरच्या उत्तरेला खाडीकाठी असलेल्या त्या बोट हाऊसचा तो मॅनेजर होता.

"हुशार दिसते. सरळ रेषेत खाते."

रविकांत हसला. पोटभर हसला, आणि मग अचानक थांबला.

एकोणतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासून संयुक्ता निवृत्त झाल्या होत्या. आता चुलतभाऊ गिरीधर वकिलासाठी जागा पाहून येत, मोजून येत आणि जेवढं दिसलं तेवढंच लिहून देत. या वेळी पाहायचं होतं ते जवळजवळ दोन वर्षांपूर्वीचं. मंदार नावाचा तरुण इंजिनिअर बायकोबरोबर इथून बोटीत बसला होता आणि उजवा पाय गुडघ्याखाली गमावून परत आला होता. तक्रार करायला नऊ दिवस उरले होते.

"मॅडम, माणूस टोकावर उभा राहून फोटो काढतो, पडतो, पंख्यात पाय जातो. वाईट झालं. पण खाडी काय आमच्या बापाची आहे?" रविकांतनं कोठीची दुसरी वही पुढं सरकवली. "हे पाहा. त्या दिवशीची जॅकेटं. दोन दिली, दोन परत आली. दोन्ही कोरडी. म्हणजे पडण्याआधीच साहेबांनी काढून ठेवलं होतं. आता सांगा, चूक कुणाची?"

संयुक्तांनी 'कोरडी' हा शब्द टिपून घेतला. मग पहिली वही पुन्हा उघडली. प्रत्येक फेरीपुढं दोन नावं होती: एक चालक, एक मदतनीस.

"दर फेरीला दोन माणसं?"

"नियमच आहे तो."

"त्या रविवारी मदतनीस कोण होता?"

रविकांतनं पहिल्यांदाच खिडकीबाहेर, पाण्याकडे पाहिलं.

"ते वाळवीला विचारा," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

२

जॉर्ज टाउनमधल्या गल्लीत, कागदाच्या घाऊक दुकानांवर दुसऱ्या मजल्याला गिरीधर रावांची कचेरी होती. मंदारची बायको ऋजुता आधीच येऊन बसली होती. सांगलीची मुलगी, अंबत्तूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसायची तिला सवय झालेली दिसत होती.

"तुमचें जेवण झालें कीं?" संयुक्तांनी विचारलं.

ऋजुताला हसू आलं. "सॉरी मॅडम. तुम्हा तंजावरच्या लोकांचं मराठी ऐकलं की कुणीतरी बखर वाचून दाखवतंय असं वाटतं."

"आणि तुमचें ऐकलें कीं मज टीव्ही लागल्यासारखा वाटतो," संयुक्ता म्हणाल्या. तिघंही हसली. त्या खोलीतलं ते शेवटचं हसू.

गिरीधरनं कायदा सांगितला. जोखीम माझी, अशा फॉर्मवर सही केली म्हणून हक्क जात नाही. पैसे घेऊन बोटीत बसवलं की सुखरूप आणायची जबाबदारी त्यांची. हयगय झाली असेल तर ग्राहक आयोगापुढं जाता येतं. मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत. उशीर झालाच तर सबळ कारण द्यावं लागतं, आणि ते मान्य होईलच असं नाही.

"तुम्हीं इतके दिवस कां थांबलां?" त्यानं विचारलं.

"पाच ऑपरेशनं झाली," ऋजुता म्हणाली. "मग जखम चिघळली. बोट हाऊसवाले म्हणत होते, बघू, करू. गेल्या महिन्यात पत्र आलं, सगळी चूक तुमचीच म्हणून. त्याची नोकरी गेली आहे, सर. कृत्रिम पाय बसवला तो टोचतो, घालताच येत नाही. चांगला बसवायचा तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "तो पडला हे खरं. पण त्यांनी त्याला अडवायला हवं होतं ना?"

"तसें मांडतां येईल. मंदारांचें प्रतिज्ञापत्र पाहिजे. काय घडलें तें त्यांच्या शब्दांत, खालीं सही."

पोलिसांच्या कागदांत बोट चालवणाऱ्या एळुमलैचा तमिळ जबाब होता. संयुक्तांनी तो दोनदा वाचला आणि मराठीत सांगितला. 'मी बोट चालवत होतो. साहेब पुढच्या टोकावर उभे होते. मागून किंकाळी आली. वळून पाहिलं तर पाणी लाल.'

"सरी, बरें," गिरीधर म्हणाला. "त्यांत काय?"

"इंजिन बोटीच्या शेपटाला असतें, गिरी. चालवणारा त्याला खेटून बसतो. त्याच्या मागें नुसतें पाणी. पुढें उभा असलेला माणूस पडला तर ओरडणें समोरून ऐकूं येईल. याला मागून आलें." त्यांनी कागद खाली ठेवला. "त्या वेळीं हा माणूस इंजिनापाशीं नव्हता."

ऋजुता पाणी पीत होती. पेला ओठांशीच थांबला.

"म्हणजे?" तिनं विचारलं, इतक्या हळू की रस्त्यावरच्या हातगाडीच्या आवाजात ते बुडूनच गेलं.

३

मंदार आवडी उपनगरात, स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या भाड्याच्या घरात राहत होता. एकतीस वर्षांचा, दाढी वाढलेली. ऋजुता ऑफिसला गेली होती. त्यानं कुबड्या घेऊन स्वतः दार उघडलं.

"या, मॅडम. चहा करतो. एका पायावर तयार असतो मी," तो म्हणाला. संयुक्ता हसल्या नाहीत, म्हणून तोच ओशाळला. "सॉरी. सगळे रडतात म्हणून मी आधीच जोक टाकतो."

त्यांनी दवाखान्याचे कागद मागितले आणि पोलिसांनी परत केलेलं त्याचं त्या दिवशीचं सामान. सामान एका पिशवीत होतं, कुणी उघडलेलंही नव्हतं. आत फोन, टोपी आणि बूट. दोन्ही बूट स्वच्छ. मिठाचा डाग नाही, चिखल नाही. प्रत्येक बुटात एकेक मोजा, नीट घडी घालून ठेवलेला.

संयुक्तांनी कागद वाचला. उजव्या पोटरीवर तीन खोल वार, जवळजवळ एकावर एक. डाव्या पायाच्या तळव्यावर शिंपल्यांचे बारीक चरे, त्यांत काळा गाळ.

चालत्या बोटीचा पंखा माणसाला लागला तर वार जिन्याच्या पायऱ्यांसारखे पडतात. दोन पात्यांच्या फेऱ्यांमध्ये बोट पुढं सरकलेली असते. वेग जितका जास्त तितकं वारांमधलं अंतर जास्त. एकावर एक वार पडतात ते बोट जागची हलत नसताना. आणि खोल पाण्यात पडलेल्या माणसाचा तळवा शिंपल्यांनी कापत नाही. पडणारा माणूस आधी मोजे काढून त्यांची घडी घालत नाही.

"मंदार, तुम्ही पडलां नाहीं. तुम्ही बूट काढून पाण्यांत उतरलां. कमरेइतकेंच पाणी असेल. बोट रुतली होती. होय कीं नाहीं? मग इंजिन कोणीं..."

"मला आठवत नाही."

प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर आलं होतं. विसरलेला माणूस क्षणभर तरी आठवून पाहतो. मंदारनं पाहिलं नाही. तो दाराकडे पाहत होता, ऋजुताच्या चपला ठेवायच्या रिकाम्या जागेकडे.

४

खाडीकाठी बायका कोळंबी निवडत होत्या. पलीकडे वीजकेंद्राची धुरांडी, पाण्यावर राखेची करडी साय. अंजलै नावाच्या म्हातारीनं संयुक्तांना बसायला पालथी टोपली दिली.

"रविवार? त्या रविवारी पाळी पलीकडच्या कुप्पमची, त्या कोळीवस्तीची होती," ती म्हणाली. "आम्ही पाडु म्हणतो, अम्मा. खोल पाण्याची जागा थोडीच. म्हणून वस्त्यांनी दिवस वाटून घेतलेत. ज्याचा दिवस, त्याचे खांब, त्याची जाळी. त्या दिवशी दुसऱ्यानं तिथून होडी घालायची नाही. जाळं उचलून खालून जायचं म्हटलं तरी नाही."

"कुणी गेलंच तर?"

"जाईल कशाला?" म्हातारीला प्रश्नच कळला नाही.

एळुमलै तिचाच भाचा निघाला. तो होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. बोट हाऊसची नोकरी त्यानं त्याच महिन्यात सोडली होती. संयुक्ता जवळ बसल्या आणि त्याच्याकडे न पाहता, जाळ्याकडे पाहत बोलू लागल्या.

"खोल वाटेवर दुसऱ्यांची जाळी होती. तू उथळावरून बोट घातलीस. ओहोटी होती. बोट रुतली. मदतनीस दिलाच नव्हता, म्हणून साहेबांना म्हणालास, उतरा, धक्का द्या. जॅकेट घालून वाकता येत नाही, म्हणून ते काढायला लावलंस. तू पुढं दोर घेऊन ओढत होतास, बोटीकडे पाठ करून. म्हणून किंकाळी मागून आली."

सुई थांबली.

"रविकांत सर म्हणाले, तो स्वतः पडला असं सांग. नाहीतर तू तुरुंगात," एळुमलै म्हणाला. "मी लाज सोडून सांगितलं. पण त्यांच्या भीतीनंच नाही, अम्मा."

"मग?"

"बारा वर्षं ही खाडी मला ओळखते. पाळी मोडून मधून गेलो असतो तर जाळं फाटलं असतं, पंचायतीनं दंड केला असता, दोन महिने कुणी बोललं नसतं. एवढंच झालं असतं. खरं सांगितलं असतं तर माझ्या चुकीनं झालेलं दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेलं असतं." त्यानं डोळे पुसले नाहीत, हात जाळ्यात गुंतले होते. "साहेब बाजूनं ढकलत होते. ते मागं कधी गेले, मला दिसलं नाही."

"इंजिनाचा दांडा कुणाच्या हातात होता, एळुमलै?"

तो उठला, जाळं खांद्यावर टाकलं आणि पाण्यात उतरून चालू लागला. मागं वळून पाहिलं नाही.

५

"बोटींत तिघे होते," संयुक्तांनी गिरीधरला सांगितलं. "एळुमलै पुढें, दोर ओढत. मंदार मागें, पाण्यांत. तो इंजिनिअर, मागून ढकललें कीं जोर सरळ लागतो हें त्याला ठाऊक. म्हणून बाजू सोडून तो पंख्याजवळ गेला. पंखा थांबलेला असतां त्यांत भ्यायचें काय? मग एळुमलै ओरडला, आतां दांडा पुढें करा. दांडा आपोआप पुढें होत नाहीं, गिरी. राहिली कोण?"

गिरीधरनं चष्मा काढला. खाली गल्लीत कुणीतरी कागदाचे गठ्ठे आपटत होतं.

"ती मुलगी," तो म्हणाला. "आणि वहींतलें पान?"

"तें रविकांतानें कापलें. मदतनिसाची जागा रिकामी होती म्हणून. त्याला तेवढेंच झांकायचें होतें. बाकी त्याला ठाऊकही नसेल."

मग त्याच्यातला वकील जागा झाला. "अक्का, पण हीच तर आपली तक्रार! ओहोटीला उथळावर बोट घातली. मदतनीस नाहीं. प्रवाशांना पाण्यांत उतरवलें, जॅकेट काढायला लावलें आणि इंजिन दिलें पहिल्यांदा बोटींत बसलेल्या बाईच्या हातीं. तिनें सांगितलें तेवढेंच केलें. दोष सगळा त्यांचा. खोटें सांगितलें तर आपण हरूं, दवाखान्याचा कागदच उलटा बोलतो. खरें सांगितलें तर कदाचित् जिंकूं."

"खरें दोघांनीं सांगावें लागेल."

"अर्थात्. मंदारांची सही आणि तिची साक्ष. त्यांचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील, सगळ्यांसमोर. दांड्यावर हात कुणाचा होता?"

चार दिवस उरले होते.

६

संयुक्तांनी मंदारला फोन केला. ऋजुता ऑफिसात असेल अशी वेळ साधली आणि सगळं सरळ सांगितलं.

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.

"मी वर पाहिलं होतं, मॅडम," मंदार शेवटी म्हणाला. "त्या क्षणी. तिचा हात दांड्यावर होता आणि ती पुढं बघत होती, एळुमलैकडे. तिला मी दिसतच नव्हतो. शुद्धीवर आलो तेव्हा ती विचारत होती, तुला काय आठवतंय? तिचा चेहरा बघितला आणि म्हणालो, काही नाही. तेव्हापासून काही नाही."

"त्यांत तिचा दोष नाहीं. कायदाही तेंच म्हणतो."

"कायदा म्हणेल. पण तिला ते सांगायचं तर आधी मला माहीत आहे हे सांगावं लागेल. मला आठवत नाही या एकाच गोष्टीवर ती रात्री झोपते, मॅडम."

दुसऱ्या दिवशी ऋजुता न कळवता कचेरीत आली. गिरीधर कोर्टात होता. ती बसली नाही.

"तुम्ही एळुमलैकडे गेला होतात. अपघातापासून त्याच्या मावशीकडे माझा नंबर आहे, तिनं फोन केला मला," ती म्हणाली. "मी केलं ते. पोलिसांना सांगणार होते, पण तोवर एळुमलैनं जबाब दिला होता. आणि मंदारला काहीच आठवत नव्हतं. मला वाटलं, देवानं एवढी एक दया केली." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "मी साक्ष देते. कुठंही देते. फक्त त्याला न कळता."

"तक्रार त्याची आहे, ऋजुता. पानोपानीं त्याची सही लागेल. आणि तो समोर बसलेला असेल."

"न वाचता सही केली तर? मी सांगितलं तर करेल तो."

"शेवटचें वाक्यच असें असतें, कीं वरील मजकूर मीं वाचला आणि तो खरा आहे."

ऋजुतानं मान हलवली. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

संयुक्तांच्या मनात आलं, सांगून टाकावं. त्याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चार शब्द. पण ते चार शब्द त्यांचे नव्हते. आयुष्यभर त्यांनी लोकांना पाण्यात काय आहे ते सांगितलं होतं. ते प्यायचं की नाही, हे कधी सांगितलं नव्हतं.

७

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी अडीचला, संयुक्ता आवडीला पोचल्या. गिरीधरनं खरा मजकूर तयार करून दिला होता. नोटरीला त्यानं साडेपाचपर्यंत कचेरीत थांबवून ठेवलं होतं. सह्या घेऊन चारची गाडी धरली, तर रात्रीपर्यंत तक्रार ऑनलाइन भरता येणार होती.

ऋजुतानं रजा घेतली होती. टेबलावर ताटं मांडलेली होती.

"यांत लिहिलेलें खरें आहे," संयुक्ता म्हणाल्या आणि कागद दोघांच्या मधोमध ठेवले. आवाज त्यांनी मुद्दाम सपाट ठेवला. "मी तपासलें आहे. दोष बोट हाऊसवाल्यांचा आहे. दुसऱ्या कुणाचा नाहीं. अगदीं कुणाचाच नाहीं. तुम्हीं दोघांनीं मिळून वाचावें, एवढेंच मागतें."

कुणी कागद उचलला नाही.

ऋजुतानं मंदारकडे पाहिलं. "पण त्याला काही आठवतच नाही, मॅडम. तो सही कशावर करणार?"

"हो ना," मंदार म्हणाला. "मला खरंच काही आठवत नाही. खोटी सही कशी करू?"

मग दोघांनी एकदमच संयुक्तांकडे पाहिलं. दोन्ही चेहऱ्यांवर एकच विनवणी होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती दुसऱ्याला दिसत नाही.

"मंदार, हा पाय टोचतो. नोकरी नाहीं. उद्यां हा दरवाजा बंद होईल."

"होऊ दे," तो म्हणाला. "घरी ड्रॉइंगं तपासायचं काम मिळतंय. चालेल."

"त्या बोटींत दुसरें कोणी बसेल."

मंदार खाली पाहू लागला. ऋजुताचे ओठ हलले. संयुक्तांना वाटलं, आता. आता ती बोलेल. ऋजुता उठली, आत गेली आणि आमटीचं पातेलं घेऊन आली.

"जेवून जा, मॅडम," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."

संयुक्तांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि पिशवीत ठेवले. फोन वाजला. गिरीधर होता. त्यांनी तो उचलला नाही, पालथा घातला.

तिघं जेवायला बसली. मंदारनं सांगलीच्या वांग्यांची गोष्ट काढली. चेन्नईत तशी वांगी मिळत नाहीत, म्हणाला. ऋजुता म्हणाली, तुला सांगलीची वांगी कुठली माहीत, तू तर नाशिकचा. दोघं थोडं हसली. बाहेर स्टेशनकडून चारची गाडी सुटल्याचा भोंगा आला. ऋजुतानं संयुक्तांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.